ताईला पाठवलेला मेसेज

रविवारी सकाळी घरमालक तोंडभर हसत दारात उभे राहिले, तेव्हा शिस्तोबा दोन पावलं मागंच सरकला. परवाच गळक्या छतावरून दोघांची चांगली जुंपली होती.

"मेसेज वाचला तुमचा. मनाचा मोठेपणा लागतो हो!" म्हणत ते आत येऊन बसले. मागोमाग प्लंबर, सपत्नीक. मग ऑफिसातले साहेब.

"'तू' म्हणालास मला," साहेब म्हणाले. "बरं वाटलं रे."

शिस्तोबानं धावत जाऊन संगणक उघडला. टापटिपीपायी ऑफिसात हे नाव मिळवलेला हा प्रोग्रामर! नवा फोन नंबर सगळ्यांना कळवायला त्यानं स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली होती. तिच्यातल्या सबरुटीनला, म्हणजे निरोप बनवणाऱ्या तुकड्याला, मजकूर द्यायचा, ते तयार निरोप परत देणार. मग सगळे निरोप एकदम रवाना. बाकीच्यांना नुसता नंबर. यादीत शेवटी ताई. तिच्याशी अबोला होता, म्हणून तिला जीव ओतून लिहिलं होतं : 'झालं गेलं विसर. रविवारी जेवायला ये. तुझ्यावाचून घर खायला उठतं.' तिचं 'येते' आलं आणि त्या आनंदात पठ्ठ्यानं पुढं काही तपासलंच नाही.

सबरुटीननं दर वेळी कोरी पाटी द्यायला हवी होती. त्याऐवजी ते एकच पाटी पुसून पुसून सगळ्यांच्या नावावर लावत गेलं. शेवटी लिहिलं ताईसाठी, वाचलं साऱ्या जगानं.

भातात पाणी वाढवेपर्यंत बेल वाजली. दार प्लंबरनं उघडलं.

"या, या! तुम्हालाही आला ना मेसेज? सगळ्यांनाच आलाय, हा बघा."

ताईनं वाचलं. चेहरा उतरला. "माझं जेवण झालंय," म्हणून ती जिना उतरू लागली.

"ताई, थांब गं!" शिस्तोबा कठड्यावरून जिवाच्या आकांतानं ओरडला. "तो फक्त तुझ्यासाठी होता! या लोकांना चुकून गेला, देवाशपथ!"

ताई थांबली. आतली कुजबुजही थांबली.

घरमालकांना एकाएकी काम आठवलं. प्लंबरच्या बायकोनं पदर सावरला. साहेब सगळ्यांच्या मागून, भिंतीला धरून उतरले.

ताई वर आली. भावाशेजारी बसून पोटभर जेवली, त्याचा कानही पिळला. तो मात्र ताटातला भात नुसता चिवडत होता.

"ते शेवटी गेले ते कोण रे?" तिनं विचारलं. "बूट घालताना डोळे पुसत होते."

"आमचे साहेब."

"घरी कोणी नाही का त्यांना?"

शिस्तोबानं आठवून पाहिलं. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून त्यानं हे कधी विचारलंच नव्हतं.