आतेलिएचं तेल

"शेवटी र आहे का नाही, ते एकदाचं नक्की सांगा," रंगाचा डबा जिन्यात ठेवत पाट्या रंगवणारा पेंटर म्हणाला.

"आहे. पण म्हणायचा नाही."

"म्हणायचा नाही तर तिकडचे लोक तो लिहितात कशाला?"

"ती त्यांची संस्कृती आहे. आपल्या अक्षरांत लिहायचा नाही. आ, ते, लि, ए. आतेलिए."

"म्हणजे?"

"चित्रकाराची काम करायची खोली."

"मग खोली लिहू की. दोन अक्षरांत भागतंय. माझाही रंग वाचेल, तुमचाही पत्ता लोकांना सापडेल."

मुस्यूनं डोळे मिटून घेतले. अडाण्यांच्या जगात आपण एकटे पडलो आहोत असं वाटलं की तो डोळे मिटायचा, आणि दिवसातला बराच वेळ ते मिटलेलेच असायचे. मुस्यू, म्हणजे फ्रेंचमध्ये साहेब, हे नाव त्याच्या बायकोनं ठेवलं होतं, तेही चिडवायला. त्यानं ते पदवीसारखं स्वीकारलं. अकरा वर्षांपूर्वी तो तीन महिने फ्रान्सला राहून आला होता. एका खोलीत सहाजण आणि खिडकीतून समोर कचऱ्याचे डबे, असं ते राहणं होतं. पण परत आल्यावर डबे गेले आणि फ्रान्स उरलं. भर उन्हात लोकरीची चपटी टोपी. बसच्या कंडक्टरला धन्यवादाऐवजी 'मेर्सी'. भेटेल त्याच्या दोन्ही गालांना गाल लावायची पद्धतही त्यानं सुरू केली होती. ती चुलत सासऱ्यांपाशी बंद पडली. त्यांनी नंतर आठवडाभर "जावयाची तब्येत बरी आहे ना?" असं फोन करून विचारलं होतं.

पेंटरनं काम सांगितल्याप्रमाणे केलं. दार दोन फळ्यांचं होतं, त्यामुळे मजकूरही दोन फळ्यांवर वाटला गेला. डाव्या फळीवर 'आ' आणि त्याखाली 'फ्रेंच शैलीतील'. उजव्या फळीवर 'तेलिए' आणि त्याखाली 'तैलचित्रे'. उजव्या फळीच्या नेमकी मध्ये कडी येत होती, म्हणून कडीच्या अलीकडे 'तैल' आणि पलीकडे 'चित्रे'. दार बंद असताना पाटी झकास दिसायची. पण चित्रकाराला उजेड लागतो. मुस्यू डावी फळी सताड उघडी ठेवून कामाला बसायचा. जिना चढून येणाऱ्याला मग एवढंच दिसायचं: तेलिए. तैल. चित्रे.

त्याच आठवड्यात घरमालकाची आई थोरल्या मुलाशी भांडून धाकट्याकडे राहायला आली. मुलाचा भाडेकरू कोण, काय करतो, तिला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होते ते फक्त स्वतःचे दोन गुडघे. कठड्याला धरून ती वर आली, पाटी वाचली आणि फळीवर टिचकी मारली.

"चित्रे आहेत का?"

"आहेत, आहेत," मागे न बघता मुस्यू म्हणाला. त्याच्या समोरच्या कॅनव्हासवर पॅरिसची एक ओली गल्ली अर्धी होऊन थांबली होती. "आत या."

"तुम्हीच का?"

"मीच. सगळी माझीच आहेत."

"सगळी म्हणजे? मला एकच बाटली पुरे. तेल अस्सल आहे ना?"

"तैल? हो, सगळी अस्सल तैलच. पाण्याच्या रंगांना मी हात लावत नाही."

"बरं करता. हल्ली सगळे पाणीच घालतात. द्या मग."

मुस्यूचा कुंचला एका दिव्याच्या प्रकाशावर टेकलेला होता. त्या क्षणी त्याला कोणी घराचे कागद मागितले असते तरी त्यानं दिले असते. "खिडकीत आहे, घ्या," तो म्हणाला. म्हातारीनं खिडकीतली बाटली उचलली. ते जवसाचं तेल होतं, रंग पातळ करायचं, फ्रान्सहून मागवलेलं. लेबल परक्या भाषेत होतं, त्यामुळे म्हातारीचा विश्वास जागच्या जागी बसला.

दोन दिवसांनी ती परत आली, आणि या वेळी कठडा न धरता. बरोबर आणखी तिघी होत्या.

"चित्रे, गुण आला! या माझ्या शेजारणी. हिचा खांदा, हिची कंबर, आणि हिचं काय ते हीच सांगेल."

"आजी, माझं नाव चित्रे नाही."

"मग दारावर कशाला लिहिलंय?"

"ते चित्रे म्हणजे चित्रं!"

"तेच म्हणते मी."

"अहो, हे आतेलिए आहे!"

"कळलं हो, आता तेल इथे मिळतं. म्हणून तर आलो."

मुस्यूनं त्यांना जवस, कॅनव्हास आणि युरोपातली चित्रकला उभ्याउभ्या समजावून सांगितली. चौघींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खांदावाली कंबरवालीच्या कानात म्हणाली, "माणूस पाहून देतात वाटतं." मुस्यूनं त्यांना हात जोडून खाली पाठवलं आणि डावी फळी लावून घेतली. पण फळी लावली की अंधार. अर्ध्या तासात उघडावी लागली.

संध्याकाळी घरमालक वर आला. तो टोपी बघून हसायचा, आज हसला नाही.

"आईला तेल नाही म्हणालात?"

"ते औषध नाहीये हो. रंगाचं तेल आहे."

"कशाचं का असेना. आई आल्यापासून आमच्या घरात सकाळ शिव्यांनी सुरू व्हायची. परवापासून बंद झाल्यात. बायको माझ्याशी बोलायला लागलीय. तेल बंद झालं तर खोली सोडा."

"असं कसं? महिन्याअखेर माझ्याकडे फ्रान्सच्या बाई यायच्यात!"

"मग महिन्याअखेरपर्यंत तेल पुरवा."

ही फ्रान्सच्या बाईंची भानगड खरी होती. तिकडच्या एका कलासंस्थेला इथला एक चित्रकार वर्षभरासाठी बोलवायचा होता. राहणं, जेवण, काम करायला जागा, सगळं त्यांचं. अर्ज करणारे ढीगभर, त्यातून चौघांच्या खोल्या बघायला त्या बाई येणार होत्या, आणि चौघांत मुस्यू होता. अकरा वर्षं हा माणूस याच एका गोष्टीसाठी टोपीत घामाघूम होत होता. खोली गेली तर बाईंना दाखवायचं काय? घरातलं मोरीशेजारचं टेबल?

तेव्हा तेल सुरू झालं. आधी चौघी, मग चौघींचे नवरे, मग नवऱ्यांचे मित्र. खरी गंमत अशी की गुण येत होता. तेलानं येत होता, की कोणीतरी दुखऱ्या जागेवर रोज पंधरा मिनिटं प्रेमानं हात फिरवत होतं म्हणून येत होता, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. म्हातारी माणसं जिन्यात बसून एकमेकांचे गुडघे चोळायची, सुनांचे वाभाडे काढायची आणि मोठमोठ्यानं हसायची. आत मुस्यू कानात कापूस घालून पॅरिसच्या गल्लीत पाऊस पाडत बसायचा.

मग तेल संपत आलं. उरलेलं चित्राला हवं होतं.

"त्यांना घरातलं दे ना," बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे उत्तराला फार वेळ लावायची नाही.

"घरातलं म्हणजे तळणीचं?"

"न वापरलेलं दे. तुझ्या त्या परदेशी बाटलीत भर. वाचतंय कोण?"

"ही फसवणूक आहे."

"अरे वा! त्या गल्लीत तू एकदाही गेला नाहीस, पोस्टकार्डावरून काढतोयस. ती काय आहे?"

मुस्यूनं डोळे मिटले आणि बाटली भरली.

फ्रान्सच्या बाई आल्या तो दिवस त्यानं आठवडाभर घोटवला होता. बाई दारात येताच वाकून काय म्हणायचं, कॉफी कुठल्या हातानं पुढे करायची, गालाला गाल लावायचा तर आधी कुठला. बाईंना यायला अजून वेळ होता, तोच जिन्यात आरडाओरडा सुरू झाला.

"चित्रे! बाहेर या!" घरमालकाच्या आईनं बाटलीचं बूच उघडून त्याच्या नाकाखाली धरलं. "हे काय आहे? वास घ्या. काल हे लावून झोपले तर रात्रभर कढईत पडल्यासारखं वाटलं!"

"आजी, हळू बोला. पाहुण्या येतायत."

"येऊ देत! त्यांनाही कळू दे! म्हाताऱ्या माणसांना फोडणी घालताय होय?"

मागून खांदावाली ओरडली, कंबरवाली ओरडली, नवरे ओरडले. आणि या सगळ्यांच्या मागे, जिन्याच्या वळणावर, एक गोरी, पिकल्या केसांची बाई एका पायावर भार देऊन धापा टाकत उभी होती. बाईंना आपली भाषा येत होती. इथे पाच वर्षं काढली होती त्यांनी.

"चित्रकार वर असतात ना?"

"असतात, पण रांग आहे," म्हातारी म्हणाली. मग तिनं बाईंच्या पायाकडे पाहिलं. "डावा का?"

"डावा. जिने चढले की फार दुखतो."

"बसा इथे. हे फसवं तेल नको. माझ्याकडे पहिल्या बाटलीतलं थोडं राखलंय."

मुस्यू गर्दी सारत खाली उतरेपर्यंत बाई पायरीवर बसल्या होत्या, त्यांचा गुडघा म्हातारीच्या मांडीवर होता आणि म्हातारी तो चोळता चोळता थोरल्या सुनेची हकिगत सांगत होती. ठरवलेलं फ्रेंच वाक्य मुस्यू साफ विसरला. त्यानं नुसतेच हात हलवले.

बऱ्याच वेळानं बाई आत आल्या. ओल्या गल्लीसमोर उभ्या राहिल्या.

"या गल्लीत माझा दाताचा डॉक्टर बसतो," बाई म्हणाल्या.

एवढंच. दुसऱ्या चित्रात पूल होता. त्याच्याकडे त्यांनी आपली बस गेल्यावर रिकाम्या रस्त्याकडे बघावं तसं पाहिलं. मग वळून दाराबाहेर बघितलं. जिन्यात नव्यानं चोळाचोळ सुरू झाली होती.

"मला हे सांगा. बाहेरचं हे तुम्हीच सुरू केलंत ना? रंगाचं तेल, माणसांचं अंग, एकमेकांना हात लावणारे शेजारी. हेच तुमचं काम, असंच ना?"

मुस्यूनं तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं. हा पाटीचा घोळ आहे, ही माणसं माझं डोकं खातात, माझं काम ते भिंतीवर आहे, ती गल्ली, तो पूल, माझी अकरा वर्षं. दारातून म्हातारी मध्येच ओरडली, "त्यांनीच हो! फुकट देतात सगळ्यांना! कालचं एक सोडा, माणूस मनानं मोठा आहे!"

बाई वाट बघत होत्या. त्यांच्या पिशवीत उरलेल्या तीन चित्रकारांचे पत्ते होते.

"वी," मुस्यू म्हणाला.

फ्रेंचमध्ये हो म्हणायला एवढंच लागतं. अकरा वर्षांची तयारी एका अक्षरात खर्च झाली, आणि तेही खोटं बोलण्यात. पण लाज वाटायला फुरसत कोणाला होती? कलेच्या धंद्यात सगळेच असे उभे असतात. ज्याला जे बघायचं ते त्याला दाखवायचं आणि आपलं असल्यासारखं मान डोलवायची. पंधरा दिवसांत निवड झाल्याचा फोन आला. घरमालकाच्या आईनं जिन्यात पेढे असल्यासारखी साखर वाटली, आणि बायकोनं "बघ बाबा, हेच हवं होतं ना?" असं विचारून बॅग भरली.

संस्थेनं त्याला पाठवलं ते पॅरिसला नाही. शेवटची बस दुपारीच सुटते अशा एका गावातल्या वृद्धाश्रमात. तिथल्या व्यवस्थापकाला आपल्याकडच्या संस्कृतीचं वेड होतं. तरुणपणी तीन महिने तो आपल्याकडे राहून गेला होता. मुस्यूनं पाठ केलेलं फ्रेंच काढलं की तो हात जोडायचा, "फ्रेंच नको, कृपया. तुमची भाषा. किती गोड." जेवताना मुस्यूनं काटा उचलला की तो हळूच काढून घ्यायचा. खोलीतला पलंग त्यानं आधीच बाहेर काढून जमिनीवर चटई घातली होती.

"चित्र काढलंस का?" बायकोनं फोनवर विचारलं.

"वेळ कुठाय? सकाळपासून गुडघे."

"मग ये परत."

"वेडी आहेस का? फ्रान्समध्ये आहे मी!"

मग एक दिवस तिथल्या वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढायला आला. व्यवस्थापक त्या दिवसासाठी सैल पांढरा सदरा घालून, आपल्या पद्धतीनं मांडी घालून जमिनीवर बसला होता. चार आजीबाई भोवती. एका आजीबाईंचा गुडघा त्यानं हातात घेतला तो सोडेचना. मुस्यू चपटी टोपी आणि कोट घालून मागे उभा होता. त्यानं पुढे व्हायचा प्रयत्न केला तर फोटोवाला म्हणाला, "तुम्ही जरा कडेला व्हा, आजोबा."

दुसऱ्या दिवशी पेपर आला. मुस्यूनं शब्दकोश काढून फोटोखालचा मजकूर एकेका शब्दानं लावला आणि लगेच घरी फोन केला.

"छापून आलंय!"

"अगं बाई! काय लिहिलंय?"

"खाली बसलेत ते पूर्वेकडून आलेले थोर चित्रकार."

"खाली बसलेत ते म्हणजे तू?"

"नाही. तो व्यवस्थापक."

"अरे देवा. आणि तू?"

"मी मागे उभा आहे. मागे उभे, गावातले एक जुने रहिवासी."

त्याचं वर्ष, त्याचं नाव, त्याचे चोळून सुजलेले अंगठे, हे सगळं दुसऱ्याच्या खात्यावर गेलं होतं. माणूस रडत असेल असं बायकोला वाटलं.

"हे बघ, त्यांना सांग. चूक दुरुस्त करून छापायला लाव. ऐकतोयस ना?"

"खबरदार कोणाला काही बोललीस तर," मुस्यू म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "गावातले एक जुने रहिवासी! त्यांना मी इथलाच वाटलो गं!"

फोन ठेवून तो कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि त्या पेपरचे उरले होते तेवढे सगळे अंक घेऊन आला.