मायलोचं गिरमिट आणि माझी ओळख

"माझी ओळख चोरून चोराला मिळणार काय? दुखरा गुडघा, बहिरा डावा कान आणि आर्लिसची बोलणी! घेऊन जा म्हणावं, घरपोच आणून देतो!"

हे मी आमच्या स्वयंपाकघरात विमा एजंट कर्टला ठणकावून सांगितलं. कर्ट माझा जुना विद्यार्थी. मी शाळेत सुतारकाम शिकवायचो तेव्हा त्यानं पाखरांसाठी घरटं केलं होतं आणि आत शिरायला भोकच ठेवलं नव्हतं. तोच कर्ट आता मला ओळखचोरीचा विमा विकायला आला होता!

"सर, तुमचा सोशल सिक्युरिटीचा सरकारी नंबर कुणाच्या हाती लागला, तर तो तुमच्या नावावर घर घेईल, गाडी घेईल!"

"तो नंबर फक्त इथे आहे!" मी कपाळावर बोट ठेवलं.

"आणि गवत कापायच्या यंत्रावर," माझी बायको आर्लिस भांडी पुसता पुसता म्हणाली. "शिडीवर. करवतीवर. कढईच्या बुडाला. चर्चच्या कॉफीच्या बंबावर..."

कर्टचा चेहरा असा खुलला की काय सांगू!

त्याचं असं झालं. आम्ही तरुण होतो तेव्हा आमच्या गावच्या पोलिसांनी एक मोहीम काढली होती. वाचनालयातून कोरायची विजेची लेखणी न्यायची आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर आपला हाच सरकारी नंबर कोरायचा. म्हणजे चोर पकडला की माल कुणाचा ते कळतं! तेव्हा चोर वस्तू चोरायचे, माणसं नाही. किती साधे दिवस होते ते! मी आणि समोरच्या घरातला मायलो, दोघांनी मिळून लेखणी आणली. मी असा सुटलो की आर्लिसनं मांजर उचलून माडीवर नेऊन ठेवलं.

मायलोला मात्र स्वतःचा नंबर कधीच आठवायचा नाही. "जाऊ दे रे, तुझाच घालतो," म्हणाला. "चोरी झाली तर पोलीस तुला बोलावतील. मी आपला निवांत मासे धरीन!" आणि खरंच त्या गड्यानं आपल्या सगळ्या सामानावर माझा नंबर कोरला!

पुढे आमच्या वस्तू गावभर पसरल्या. काही अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत गेल्या, काही उसन्या गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

"सर, तुम्हाला तर दोन विमे लागतील!" हे सगळं ऐकून कर्ट म्हणाला.

"एकही नाही! घरात कानस आहे. सगळे नंबर घासून टाकतो, विषय संपला!"

जाताना त्यानं एक पत्रक ठेवलं. पाकीट बरोबर बाळगू नका, अनोळखी माणसाला नाव-पत्ता सांगू नका. विमा नको असला तरी सल्ला फुकट होता. दुसऱ्या दिवशी आर्लिस चर्चमध्ये गोधड्या शिवायला गेली. मी पाकीट कपाटात कुलूपबंद केलं, खिशात कानस घातली आणि निघालो. शेजाऱ्याकडे उसनी गेलेली शिडी घासून झाली, मग रस्ता ओलांडून मायलोच्या घरी.

मायलोला जाऊन दोन हिवाळे झाले. मुलांनी घर सामानासकट विकलं. घेणारीण मिनियापोलिस शहरातली, डेना नावाची. आमची अजून ओळख नव्हती. खरं सांगायचं तर त्या घराकडे मी मुद्दामच फिरकलो नव्हतो. दार वाजवलं, उत्तर नाही. गॅरेज उघडं होतं. त्या गॅरेजात मी आयुष्यात कधी विचारून शिरलो नव्हतो, तसाच शिरलो.

समोर, नेहमीच्या खिळ्याला, गोठलेल्या तळ्याला भोक पाडायचं गिरमिट टांगलेलं! किती हिवाळे त्या भोकाशी बसून आम्ही मासा सोडून सगळं पकडलं. सर्दी, पडसं, बायकांची बोलणी! मी गिरमिट मांडीवर घेतलं आणि घासायला लागलो. पहिले चार आकडे गेले. पाचवा होता सात. त्याच्या कमरेला आडवी रेघ.

तसा सात गावात फक्त मायलो काढायचा. त्याची आजी युरोपातून आलेली, तिनं शिकवलेला. "कमरेला पट्टा नसला तर साताची विजार सुटते," असं म्हणायचा. माझा हात थांबला. नंबर माझा होता, पण अक्षर त्याचं होतं, आणि त्यातलं अर्धं मी आत्ता स्वतःच्या हातानं भुकटी करून टाकलं होतं! मला रडूच आलं.

"कोण आहे तिथे?"

दारात डेना, हातात पाचोळा ओढायचं दाताळं! तिला काय दिसलं असेल? तिच्या गॅरेजात एक म्हातारा तिचं गिरमिट कुरवाळत रडतोय.

"मी पोलिसांना फोन केलाय," ती म्हणाली. मग जरा ओशाळून, "तोवर कॉफी घेणार?"

आमच्याकडे दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा हो म्हणायची रीत आहे. माझा होकार येईपर्यंत पोलीस आला! कोवळं पोर, दुसऱ्या तालुक्यातनं नुकतंच आलेलं.

"आजोबा, नाव काय?"

मला पत्रक आठवलं. "ते मी अनोळखी माणसाला सांगत नाही!"

"अहो, मी पोलीस आहे!"

"कशावरून? तू चोरही असशील!"

त्यानं एक मोठा श्वास घेतला. "ओळखपत्र?"

"कुलपात ठेवलंय. चोरीच्या भीतीनं."

"मग हातातलं हे हत्यार कुणाचं?"

"त्यावर माझा नंबर आहे!" मी विजयानं गिरमिट पुढे केलं.

"अर्धाच आहे."

"उरलेला आत्ताच मी घासला!"

पोरानं हातकडीकडे हात नेला. मी मुकाट्यानं नाव सांगितलं आणि चर्चच्या स्वयंपाकघरात फोन लावायला विनवलं. पोरानं स्पीकर लावला. फोन व्हर्नानं उचलला. गावातली कॉफी गेली कित्येक वर्षं तीच करते.

"बाई, इथे एकजण स्वतःला लोवेल म्हणवतोय. काही पुरावा..."

"नंबर विचार त्याला!" व्हर्ना ओरडली.

माझ्या डोक्यात नुसता गोंधळ! एक आकडा आठवेल तर शपथ.

"विसरला? मग लोवेलच आहे तो! बायांनो, लोवेलचा नंबर!"

आणि गोधड्या शिवणाऱ्या समस्त बायांनी एका सुरात माझा नंबर म्हटला! पोलीस गिरमिटावर बोट ठेवून शेवटचे आकडे पडताळत होता.

"तुम्हाला कसा पाठ?"

"बंबावर कोरलाय ना! चर्चच्या मागच्या दाराच्या कुलपालासुद्धा त्यातलेच शेवटचे चार आकडे लावलेत. लक्षात राहायला सोपे!"

डेना हसून हसून खाली बसली. मग तिनं मायलोबद्दल विचारलं आणि मी बोलतच सुटलो. निघताना तिनं गिरमिट माझ्या हातात ठेवलं. "तळं गोठलं की मलाही शिकवा," म्हणाली.

संध्याकाळी मी कर्टला बोलावलं.

"विमा देऊन टाक."

"पटलं ना सर, धोका किती आहे ते!"

"धोका गेला खड्ड्यात! मला ते उरलेले आकडे घासायचे नाहीत. विमा असला की तो सात तिथे राहील. मायलोचं तेवढंच राहिलंय माझ्याजवळ."

आर्लिसनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.  कर्टनं खाकरून पेन काढलं.

"हं, सर, नंबर सांगा."

मी तोंड उघडलं. बंद केलं. गिरमिट उचलून पाहिलं, तर पहिले चार आकडे कुठे होते! आर्लिसनं सुस्कारा सोडला आणि फोन उचलला.

"व्हर्ना, लोवेलचा नंबर सांग गं... हो, परत विसरला."