तीन तारखेला जंगलात कोणी नव्हतं

आमच्या पळसझरी गावचं जंगल गेली सतरा वर्षं कुठल्याही मंजुरीशिवाय वाचत होतं. ही गंभीर बाब यंदा वरच्यांच्या लक्षात आली.

पद्धत अगदीच अडाणी होती. जंगल राखायची रोज एका घराची पाळी. पाळी संपली की संध्याकाळी काठी शेजारच्या दारात टेकवून ठेवायची. दारात काठी दिसली की सकाळी त्या घरातलं एक माणूस टेकडीवर जाणार, मग घरात लग्न असो की सोयाबीनची सोंगणी. हे सगळं मंजुळामावशीने सुरू केलं. तिचं घर जंगलातली चारोळी आणि टेंभराची फळं विकून चालतं, म्हणून तिला झाडांची काळजी. पर्यावरणाविषयी तिला कोणी काही शिकवलेलं नव्हतं. सागाच्या खोडाला हात लावून ती त्याचं वय सांगते. माझं मात्र दरवर्षी चुकवते.

मग लोकसहभागातून शाश्वत वनविकास प्रकल्प आला आणि त्याच्यासोबत समन्वयक चंद्रशेखर सर आले. पहिल्याच सभेत त्यांनी विचारलं, "जंगल राखण्यात लोकांचा सहभाग किती?"

"समदं गाव राखते," मावशी म्हणाली.

"पुरावा?"

मावशीने काठी पुढे केली. सरांनी ती उलटसुलट करून पाहिली. "कशाची आहे?"

"धावड्याची."

"म्हणजे वनोपज. तोडायची परवानगी घेतली होती?"

सतरा वर्षांत काठीला हे कोणी विचारलं नव्हतं. पंचनामा झाला, काठी ग्रामपंचायतीच्या कपाटात जमा झाली आणि लोकसहभागाला रीतसर सुरुवात झाली.

रीतसर म्हणजे प्रशिक्षण. त्यासाठी माझी, म्हणजे दहावीतल्या मुलीची, 'युवा वनसखी' म्हणून नेमणूक झाली. गळ्यात ओळखपत्र, हातात हजेरीची वही. शाळेत मला फळा पुसायलाही कोणी उठवत नाही. इथे सरपंच माणिकराव सही करायला माझ्यासमोर रांगेत उभे राहत आणि "निशिगंधाताई, पेन द्या" म्हणत. माझी चालच बदलली. आई म्हणाली, "जमिनीवर पाय ठेव वो माय, फरशी नवी आहे."

नियम सोपे होते. सगळ्या मोठ्या माणसांनी सत्राला हजर राहायचं. तीन वेळा गैरहजर राहील त्याला जंगलात पाय ठेवायला बंदी, कारण ज्याला जंगलाविषयी आस्था नाही त्याचं जंगलात काय काम? पारदर्शकता म्हणून महिन्याभराचं वेळापत्रक एसटी थांब्यावर लावलं. तारीख, वेळ सकाळी दहा ते पाच आणि खाली ठळक अक्षरांत: या वेळेत एकही ग्रामस्थ सभागृहाबाहेर असणार नाही.

दुर्दैवाने चोरांनाही वाचता येत होतं. आपल्याकडे साक्षरतेचा प्रसार जरा सरसकटच झाला आहे.

'जंगल म्हणजे काय?' या सत्राच्या दिवशी अकरा साग गेले. 'जंगलाशी आपले नाते' या सत्राला एकोणीस. सरांनी आलेख काढून दाखवला की प्रशिक्षण सुरू झाल्यापासून तोड वाढली आहे, यावरून प्रशिक्षणाची किती गरज होती ते सिद्ध होतं. आठवड्याला दोन सत्रं होती, ती चार झाली. नाश्त्याला पोह्यांच्या जागी आलुबोंडे आले.

मागे बसलेले शेषराव उठले. "सायेब, आमी इथं बसून राह्यलो म्हनून ते तिथं तोडून राह्यले."

"फार मोलाचा मुद्दा," सर म्हणाले. "यावर स्वतंत्र सत्र घेऊ."

घेतलं. एकतीस झाडं.

त्या दिवशी मावशी माझ्या दारात आली. "निशे, उद्या मी नाई येत. टेकडीवर जातो."

"मावशी, तुह्या दोन गैरहजेऱ्या झाल्या. तिसरी पडली तं चारोळीले जाता नाई येनार तुले."

"आन झाडंच नाई राह्यले तं चारोळी काय तुह्या वहीत पिकन?"

ती गेली. आता माझ्यासारख्या जबाबदार पदाधिकाऱ्याने काय करावं? गैरहजेरी मांडली तर मावशीचं जंगल बंद, न मांडली तर रकाना रिकामा. मावशीला सही मीच शिकवली होती. तिच्यासारखाच कपाळावरच्या कुंकवाएवढा अनुस्वार देऊन मी ती ठोकून दिली. दिनांक तीन, वेळ सकाळी दहा, श्रीमती मंजुळाबाई, उपस्थित. कुणाचं काही अडलं नाही. उलट गावाचा सहभाग शंभर टक्के झाला, आणि सरांनी त्याच दिवशी 'आदर्श सहभागी गाव' पुरस्कारासाठी आमचं नाव पाठवून दिलं. पुरस्कार घेताना गावातर्फे भाषण कोण करणार, हे वेगळं सांगायला नको.

चार तारखेला मावशी भर सत्रात उभी राहिली. तिच्या हातात पळसाचं पान होतं. पानावर काट्याने टोचून आकडे काढले होते.

"ट्रॅक्टरचा नंबर आहे, साहेब. काल अकरा वाजता. चौघं जन होते. मी झुडपात बसून पाह्यलं. आता धरा त्याह्यले, अजून सव्वाशे साग उभे आहेत."

सरांनी पान उजेडात धरलं. मग वही मागवली. मी दिली. ते कुठलं पान उघडणार ते मला आधीच कळलं होतं.

"काल अकरा वाजता तुम्ही या सभागृहात होता," सर म्हणाले. "ही तुमची सही."

"नाई बा. म्या नाई केली."

"मग वही खोटी म्हणायची का? वही खोटी तर शंभर टक्के खोटे, प्रकल्प खोटा, आणि तुमच्या गावाचा पुरस्कारही खोटा."

सभागृहात सगळे आपापल्या चपला शोधत असल्यासारखे खाली बघू लागले. माणिकराव खाकरले. "मंजुळाबाई, उन्हात होतं असं कधी कधी. मानूस बसते एकीकडं आन त्याले वाटते आपुन दुसरीकडं आहो."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "निशे, वही तुह्याजवळ असते. तू सांग. मी काल कोठी होती?"

एवढंच म्हणायचं होतं, की सही मी केली. दोन सेकंदांचं काम. पण भाषण पाठ झालेलं होतं.

"सत्राला होत्या," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला अहो-जाहो केलं.

सरांनी लगेच ठराव मांडला. नोंदवहीनुसार तीन तारखेला जंगलात कोणीही नव्हतं, सबब चोरी पाहणारं कोणी नव्हतं, सबब चोरी झालेली नाही. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावा.

मावशी सभागृहातून निघून टेकडीच्या वाटेला लागली. त्यामुळे उपस्थितांमध्ये विरोध करणारं कोणी उरलं नाही आणि ठराव एकमताने मंजूर झाला. माझा हात शेषरावांच्या मागून वर गेला, म्हणजे फार पुढे नव्हता. खिडकीतून ट्रॅक्टरचा आवाज येत होता, तेव्हा माणिकरावांनी पंखा वाढवला.

तुम्ही तिथे असता तर हात खालीच ठेवला असता, असं आत्ता तुम्हाला वाटत असेल. वाटू द्या. ठरावाखाली एक रकाना रिकामा राहिला होता, आणि तुमचं कुठे काही अडायला नको म्हणून तिथे तुमची सही मी करून टाकली आहे.