ऊनसेवनाची पात्रता

त्या कार्यालयात थंडी सुरू झाली ती परिपत्रकाने. गारठा तसा आधीच पडला होता. नळाचं पाणी बोटांना झोंबत होतं आणि सकाळी सायकलचं हँडल धरवत नव्हतं. पण वरून कागद येईपर्यंत तो गारठा खाजगी स्वरूपाचा समजला जात होता. मग कागद आला, ‘हिवाळा सुरू झाला असून कर्मचाऱ्यांनी आपापल्या प्रकृतीची काळजी आपापल्या जबाबदारीवर घ्यावी,’ आणि त्याच दुपारपासून सगळे अधिकृतपणे शिंकू लागले.

एकच माणूस शिंकत नव्हता. जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीमागे बसणारा कारकून. “काय, कसं काय?” असं कोणीही विचारलं की तो “ठणठणीत!” म्हणायचा, म्हणून लहानथोर सगळे त्याला ठणठणीतराव म्हणत. लहानपणी मात्र तो छातीने फार नाजूक होता. दर हिवाळ्यात अंथरूण धरायचा. “हे पोर काही फार दिवस काढत नाही,” असं शेजारीपाजारी त्याच्या उशाशी बसून म्हणायचे. पुढे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या मृत्यूचे दाखले त्यानेच दिले, आणि एकातही शुद्धलेखनाची चूक केली नाही.

त्याच्या प्रकृतीचं मर्म अगदी साधं होतं. मधल्या सुट्टीत डबा संपला की तो मागच्या अंगणात जायचा. तिथे पाण्याची टाकी आणि कुंपणाची भिंत यांच्या मधे सतरंजीएवढा उन्हाचा तुकडा पडत असे. त्यात खुर्ची टाकायची, बूट काढायचे, पाठ उन्हाकडे करायची आणि डोळे मिटायचे. शेजारी उलट्या बादलीवर बसून शिपाई संत्रं सोलायचा आणि न विचारता निम्म्या फोडी त्याच्या हातावर ठेवायचा. दोघं बोलत काहीच नसत. ऊन छातीपर्यंत झिरपलं की ठणठणीतराव एक लांब उसासा टाकून उठायचा आणि खिडकी उघडायला जायचा. दिवसभरात त्याचं स्वतःचं असं सुख तेवढंच होतं, आणि त्याला ते पुरत होतं.

गडबड झाली ती साहेबांच्या बैठकीत. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळ्यांचं भलं करण्याची खोड होती. नाकाला रुमाल लावून त्याने टेबलाभोवती नजर फिरवली. अकाउंटंटबाई शिंकत होत्या, मोठे बाबू खोकत होते, टायपिस्ट दोन्ही एकदम करत होता. ठणठणीतराव तेवढा टवटवीत बसला होता.

“तुम्हाला कसं काही होत नाही हो?” साहेबाने विचारलं.

“काही नाही साहेब, जेवण झालं की जरा उन्हात बसतो.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बैठकीत एकदम शांतता पसरली. शिंकासुद्धा थांबल्या.

“किती वर्षं?” साहेबाने खालच्या आवाजात विचारलं.

“आठवत नाही. बरीच झाली.”

“आणि कोणाच्या परवानगीने?”

संध्याकाळी घरी त्याने हे सांगितलं तेव्हा बायकोने हातातलं लाटणं खाली ठेवलं. “अहो, तुमच्या जिभेला हाड आहे की नाही? डोकं दुखतंय म्हणायचं, पित्त झालंय म्हणायचं! ऊन घेतो म्हणून कशाला सांगायचं?”

“अगं, ऊन आहे ते. कोण काय करणार उन्हाला?”

“तुमचं कार्यालय करेल,” बायको म्हणाली आणि तिने पुन्हा लाटणं उचललं. तिने त्याच्याशी लग्न केलं होतं तसंच त्याच्या कार्यालयाशीही निभावलं होतं.

आधी खात्री म्हणून एका डॉक्टरीणबाईंचं व्याख्यान झालं. त्या म्हणाल्या, “हात धुवा, पाणी प्या, खिडक्या उघड्या ठेवा, वेळेवर झोपा आणि रोज थोडं ऊन अंगावर घ्या.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण मनातून सगळे नाराज झाले. आईने फुकट सांगितलेलंच पाहुणी बाई खुर्चीवर बसून सांगत होती. तरी अंमलबजावणी झाली. हात धुण्यासाठी नवा साबण आला आणि तो संपू नये म्हणून कपाटात कुलूपबंद झाला. खिडक्या उघड्या ठेवायचं ठरलं, पण त्यातून थंडी येते असं लक्षात आल्यावर त्या उघड्या समजण्यात याव्यात असा ठराव झाला. राहता राहिलं ऊन. त्यासाठी उपसमिती नेमली गेली.

उपसमितीने अंगणाची पाहणी केली आणि असं मत दिलं की, सदर ऊन हे कार्यालयाच्या आवारात पडत असल्याने ते कार्यालयाच्या मालकीचं असून त्याचा लाभ सर्वांना समान मिळणं आवश्यक आहे. ठणठणीतरावालाही हे पटलं. त्याचा स्वभावच तसा होता. “बसू द्या ना सगळ्यांना,” तो शिपायाला म्हणाला, “आपण जरा सरकून बसू.”

पण सरकायला जागा कुठली? उन्हाच्या तुकड्यात जेमतेम तीन खुर्च्या मावत होत्या. म्हणून पाळ्या लावल्या. पाळ्या अर्थातच ज्येष्ठतेने. आधी साहेब, मग मोठे बाबू, मग अकाउंटंटबाई. सूर्याला मात्र ज्येष्ठतेचे नियम कोणी कळवले नव्हते. तो आपला पुढे सरकत राहायचा. कारकुनांची पाळी येईपर्यंत ऊन कुंपण ओलांडून शेजारच्या गॅरेजमध्ये गेलेलं असायचं, आणि कारकून आपले नियमाप्रमाणे सावलीत ऊन खात बसायचे.

ठणठणीतरावाचं नाव तर सावलीच्या यादीतही नव्हतं. त्याने मोठ्या बाबूंना विचारलं.

“तुम्ही अपात्र आहात,” बाबू नाक पुसत म्हणाले.

“म्हणजे?”

“योजना कोणासाठी? ज्यांना त्रास आहे त्यांच्यासाठी. तुम्हाला काही त्रास आहे का?”

“नाही.”

“मग? ठणठणीत माणसाने आजाऱ्याच्या तोंडचं ऊन काढून घ्यायचं? बरं दिसतं का ते?”

“पण मी ठणठणीत आहे तो उन्हामुळेच ना!”

“तसं असेल तर तुम्ही इतकी वर्षं जादा लाभ घेतलेला आहे,” बाबू म्हणाले. “तो विषय मी मुद्दाम काढत नाहीये. घरच्यासारखे आहात म्हणून.”

ठणठणीतरावाने त्यांचे आभार मानले आणि परत आपल्या खिडकीशी आला. ती खोली जाड भिंतींची, आत ऊन कधी शिरत नसे. तिची भिंत हात लावला तर ओली वाटायची. त्या दुपारी त्याने पहिल्यांदाच कोटाची वरची गुंडी लावली.

इकडे साहेबाचं डोकं दुखायला लागलं. ऊन थेट कपाळावर येतं, अशी त्याची तक्रार होती. शिपाई म्हणाला, “साहेब, पाठ करून बसा ना.” पण साहेबाने कार्यालयात कशाकडे पाठ फिरवली असं दिसायला नको होतं. म्हणून ऊन घेताना छत्री वापरण्यास मुभा देण्यात आली. साहेब छत्री घेतो म्हटल्यावर बाबूंनीही छत्री घेतली. मग अकाउंटंटबाईंनी मोठी घेतली. तीन छत्र्या एकमेकींना अडकू लागल्या, काड्या डोळ्यात जाऊ लागल्या. तेव्हा उपसमितीने दूरदृष्टीने सुचवलं की, वेगवेगळ्या छत्र्यांपेक्षा सर्वांसाठी मिळून एकच कायमस्वरूपी छप्पर घालावं.

छप्पर घातलं. छपराखाली वारा येऊ लागला. साहजिकच आहे, ऊन नाही म्हटल्यावर वारा जाणवतोच. मग कुंपणाची भिंत उंच केली आणि आणखी दोन बांधल्या. चौथी बाजू टाकीची होती. आत अंधार पडला, म्हणून ट्यूबलाइट बसवल्या. पिवळ्या मागवल्या होत्या, पांढऱ्या आल्या. दारावर पाटी लागली, ‘ऊनसेवन कक्ष’. खाली बारीक अक्षरात, ‘दार लावून घ्यावे, ऊब बाहेर जाते.’ कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. कार्यालयाने कोंबड्याच्या वाटेला न जाता थेट सूर्यावरच झाकण घातलं.

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. फीत कापून ते आत गेले, आणि बाहेर येताना त्यांना शिंक आली. “असा कक्ष प्रत्येक कार्यालयात व्हायला हवा,” ते म्हणाले. कार्यक्रमाच्या शेवटी ठणठणीतरावाचा फुलांच्या नारळाएवढ्या गुच्छाने सत्कार झाला. ‘ज्यांच्या सवयीतून ही योजना स्फुरली ते आपले निरोगी सहकारी,’ असं साहेब ध्वनिक्षेपकावर म्हणाला, आणि निरोगी सहकाऱ्याने गुच्छात तोंड घालून तीन दणदणीत शिंका दिल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबू धावत आले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. “अभिनंदन! आता तुम्ही पात्र झालात!”

घरी पोचेपर्यंत त्याच्या अंगात कसकस होती. रात्री छातीत लहानपणीची ती जुनी घरघर सुरू झाली. बायकोने गरम पाण्याची पिशवी छातीशी धरली. तिचा चेहरा पाहून त्याला स्वतःपेक्षा तिचीच काळजी वाटली. “मी बोलले होते ना,” एवढंच ती म्हणाली, पण तिचा आवाज चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. “काहीही करा, पण ते ऊन मिळवा हो. तुमचं तुम्ही मिळवा.”

चार दिवसांनी तो कामावर गेला. आता कक्षात हजेरी सक्तीची होती. मधली सुट्टी संपली की सगळं कार्यालय दारं-खिडक्या लावून त्या खोलीत कोंबून बसायचं आणि एकमेकांच्या तोंडावर मनमुराद शिंकायचं. या काळात कामकाज बंद असल्याने दाखल्यांच्या खिडकीवर पाटी लटकायची, ‘कर्मचारी ऊन घेत आहेत. कृपया थांबावे.’ पूर्वी त्या खिडकीपुढे चारदोन माणसं असायची. आता रांग फुटपाथभर पसरून चांभाराच्या दुकानापर्यंत जाऊ लागली.

पहिल्याच दिवशी कक्षात ठणठणीतरावाचा श्वास कोंडला. एक ट्यूबलाइट मिचमिचत होती, तिच्या उजेडात सगळे निळसर दिसत होते. “दादा, मला इथे नाही जमणार,” तो शिपायाच्या कानाशी कुजबुजला.

“जावा ना मग,” शिपाई म्हणाला. “हजेरीला तुमच्या नावाला मी ‘हजर’ म्हणतो. इथे कोण कोणाला दिसतंय?”

ठणठणीतराव बाहेर पडला. कार्यालयाला वळसा घालून तो रस्त्यावर आला आणि जागीच उभा राहिला. समोर अख्ख्या फुटपाथवर ऊन पसरलं होतं! भिंतीच्या बुडापासून गटाराच्या कडेपर्यंत, पिवळंधमक, बिनपाळीचं. आणि त्या उन्हात त्याच्याच बंद खिडकीपुढे माणसं उभी होती. ती वैतागलेली होती, घड्याळं बघत होती आणि कार्यालयाचा उद्धार करत होती. एकही माणूस शिंकत नव्हता.

इतकी वर्षं खिडकीच्या आत बसून त्याला बाहेरची ही बाजू कधी दिसलीच नव्हती. त्याने इकडेतिकडे पाहिलं. कोट काढून खांद्यावर टाकला, रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला, पाठ उन्हाकडे केली आणि डोळे मिटले.

थोड्याच दिवसांत छातीची घरघर गेली. चेहऱ्यावर रंग आला. बायकोने एका संध्याकाळी त्याला दारातच अडवून न्याहाळलं, नाकाशी हात नेऊन श्वास तपासला, आणि काही न विचारता डब्यात दोन संत्री वाढवली. एक त्याचं, एक शिपायाचं. कारण दोघांचं आता आलटून पालटून चालायचं, एक आत ‘हजर’ म्हणायचा आणि दुसरा बाहेर रांगेत उभा राहायचा. कार्यालयाच्या अहवालात मात्र ठणठणीतरावाची सुधारणा हे ऊनसेवन कक्षाचं ठळक यश म्हणून नोंदलं गेलं. आणि रांगेची लांबी पाहून साहेबाला आणखी एक सुचलं. रांगेतले नागरिक उन्हातच उभे असतात, तेव्हा तेही योजनेचे लाभार्थी धरावेत. तसे ते धरले गेले. खिडकी उघडायला जितका उशीर होईल तितकी योजना यशस्वी होऊ लागली.

तेव्हा तुम्ही मागे एकदा दाखल्यासाठी गेला होतात, आठवतं? खिडकी बंद होती. तुम्ही चडफडत होतात, “या लोकांना काही लाजच नाही,” असं मोठ्याने म्हणत होतात. तुमच्या मागे कोट खांद्यावर टाकून एक गृहस्थ डोळे मिटून उभे होते. “खिडकी कधी उघडणार हो?” असं तुम्ही त्यांनाच विचारलंत. त्यांनी तुमच्या हातावर संत्र्याच्या दोन फोडी ठेवल्या आणि म्हणाले, “उघडेल हो, ऊन सरलं की उघडेल.” तुम्हाला वाटलं, काय सज्जन माणूस आहे, आपल्यासारखाच बिचारा ताटकळतोय.

आणि खरं सांगा, त्या हिवाळ्यात तुम्हाला एकदा तरी सर्दी झाली का?