दोन तास दहा मिनिटं आणि शिंप्याचा बुधवार

या मंडळी, अशा पुढे सरका. भिंतीला टेकलेले आजोबा, तुम्हीही या. देवाचं नाव घेऊन एका शिंप्याची फजिती सांगतो. हसू आलं तर दाबू नका.

शिंपीदादांचा हात सोन्याचा, जीभ मात्र बुधवारची! कुठलाही कपडा शिवायला टाका, उत्तर एकच, "बुधवारी न्या." कुठल्या बुधवारी, ते त्या परमेश्वरालाच ठाऊक.

त्यांची थोरली बहीण, आक्का, विमानाने येणार होती. आईच्या माघारी दादांना तीच आई. पण मागच्या खेपेला दादा उशिरा पोचले आणि आक्का दोन तास आपल्या ट्रंकेवर बसून राहिली. या वेळी तिने फोनवर बजावलं, "दारात दिसला नाहीस, तर सरळ धाकट्या भावाकडे राहायला जाईन!"

वहिनींनी मोबाइलवर पाहिलं. "अंतर अकराशे किलोमीटर, वेळ दोन तास दहा मिनिटं. तीनला सुटून पाच-दहाला उतरणार. तुम्ही चारलाच निघा."

दादा हसले. "अगं, लिहिलेल्या वेळेला जगात कोणी काही देतं का? मी बुधवार म्हणतो तेव्हा शनिवार उजाडतो. दोन तास म्हणजे चार धर! सहाला निघतो, बघ, दारात पहिला मीच!"

पावणेपाचला दादा एका गिऱ्हाइकाचा कोट स्वतःच्या अंगात घालून, खांदा कसा बसलाय ते त्यालाच दाखवत होते. एक बाही शिवलेली, दुसरी नुसती टाचण्यांवर. तेवढ्यात फोन वाजला.

"उतरले रे. कुठे आहेस?"

"थट्टा नको आक्का, तू अजून वर आहेस!"

"वर म्हणजे? देवाघरी?"

दादा धावत सुटले ते कोटासकट!

"अहो, माझा कोट!" गिऱ्हाईक ओरडलं.

"बुधवारी!" टॅक्सीतून आवाज आला.

उतरताना टाचण्यांची बाही टॅक्सीच्या दारात अडकली आणि टॅक्सीबरोबरच गेली. विमानतळावर शुकशुकाट. पहारेकऱ्याने गळ्यातली मापाची टेप पाहिली, एका बाहीचा कोट पाहिला आणि हळूच विचारलं, "काका, कोणाशी झटापट झाली का?"

दादांनी आक्काला फोन लावला.

"धाकट्याच्या गाडीत आहे. तो तुला ओळखून आहे रे, साडेचारलाच येऊन उभा होता. आणि विमानवाले तुझ्यासारखे नव्हेत. वाटेतला खोळंबा आधीच धरून वेळ लिहितात. खोळंबा झाला नाही, की अर्धा तास लवकर!"

दादा काकुळतीला आले. "मग आमच्याकडे कधी येतेस?"



"येते ना," आक्का म्हणाली, "बुधवारी."

दादा मटकन बाकावर बसले. त्या शब्दाचा भाव त्यांच्याइतका कोणाला ठाऊक असणार!

तर मंडळी, एवढंच मागणं. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या गिऱ्हाइकाची आठवण ठेवा. बिचारा अजून दुकानाच्या पायरीवर बसलाय. दुसरी बाही कधी मिळणार, ते त्याला सांगायचा आम्हांला धीर होत नाही.