हिराता आजी छत्री घेऊन निघाल्या

"रूपाली, काही झालं तरी नवऱ्याकडून जपानी शिकू नकोस!" आमच्या क्लासच्या ज्योत्स्ना मॅडमनी मला बजावलं होतं. "सुगतचं जपानी कारखान्यातल्या पुरुषांचं. वाक्याच्या शेवटी 'झो', 'झे', 'यो' लावून दणका देतात. दोस्तांत चालतं. म्हाताऱ्या माणसापुढे कधीच नाही!"

मी हसण्यावारी नेलं. सुगत दोन वर्षं तिकडे ओतकामाच्या कारखान्यात होता. असा मास्तर घरात असताना पुस्तकं कोण चाळणार? आणि आपण वऱ्हाडी माणसं. मऊ बोललं तर लोक विचारतात, "काहून, बरं नाही का?" सहा महिन्यांत मी अस्सं जपानी बोलायला लागले की भिंतीवरची पाल पळून जावी!

मग ही नोकरी आली. जपानमध्ये एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज व्हिडिओ कॉल करून विचारपूस करायची. आमची लेक आचल दोन वर्षांची, तिला सोडून मी बाहेर कुठे जाणार? घरबसल्याचं हे काम मला हवंच होतं. अमरावतीहून कंपनीच्या माधवी मॅडम म्हणाल्या, "पहिला कॉल नीट झाला की काम तुमचं."

सकाळी अकराला जठारपेठेतल्या आमच्या बैठकीत कॉल लागला. समोर ओकायामाच्या ब्याऐंशी वर्षांच्या हिराता आजी, चिमणीएवढ्या! माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई, मागून डोकावल्या. "जयभीम, आजी! जपानी म्हंजे बुद्धाचे लोक, आपलेच!" आजी गोड हसल्या.

पहिला प्रश्न पाण्याचा होता. मी अगदी मायेने म्हणाले, "मिझु नोमे यो!" पाणी प्या ना हो, अशा अर्थाने.

आजी दचकल्या. ताडकन उठून गटागटा पेलाभर पाणी प्यायल्या.

"पाह्य, कशी ऐकून राहिली!" सासूबाई खूश. "आपला सुगत त एकडाव ऐकत नाही."

मला चेव आला. "मोत्तो नोमे यो!" आणखी प्या! दुसरा पेला. तिसरा! चौथ्याला आजींचे डोळे वाटीएवढे झाले. अगं बाई! आता थांबा कसं म्हणायचं? मशीन थांबवताना ओरडायचा म्हणून सुगतने शिकवलेला एकच शब्द आठवला.

"यामेरो!"

पेला खळ्ळकन खाली! आजी भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या. इकडे आचलने भोकाड पसरलं.

"अवं, उभी काहून राह्यली ते?"

"मले काय माहीत, आई! मी त गोडच बोलून राहिली!"

"मंग बसा म्हन ना तिले!"

"सुवारे यो!" आजी मटकन जमिनीवरच बसल्या. पडद्यावर नुसता पांढरा अंबाडा!

आता गोड निरोप घेऊन सुटावं म्हणून मी दात दाखवून हसले. "आशिता माता कुरु झो!" उद्या परत येते हं!

आजी उठल्या. कोपऱ्यातली निळी छत्री घेतली, दार ओढलं आणि गेल्या! खिडकीत लख्ख ऊन होतं, तरी छत्री!

मी सुगतला फोन लावून काय काय बोलले ते सगळं सांगितलं.

"बापरे! त्या आजीले तू 'पानी पे बे!' म्हनलं, रूपाली! अन् वरून 'उद्या येतो, पाहून घे!' अवं, असं त आमचा फोरमन बोलायचा, अन् तोबी फक्त आमच्यावर!"

"मग मले कशाले शिकवलं?"

"तूच म्हनली ना, जसं बोलतात तसं शिकव!"

तेवढ्यात माधवी मॅडमचा फोन. "आजी फोन उचलत नाहीत. नक्की काय बोललात?"

"पाणी प्या म्हणाले."

"एवढंच?"

"...आणि उद्या येते म्हणाले."

"आजी सुखरूप घरी आल्याचं कळलं, तरच नोकरीचं पुढे बोलू!"

दोन तास झाले. कॉल अजून चालूच आहे आणि मी रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलेय. त्या पोलिसांत गेल्या, शेजारी गेल्या, की मला भेटायलाच निघाल्या, काही कळत नाही. "माहेरी गेली असन," असं सासूबाईंचं मत. ब्याऐंशीव्या वर्षी!

तर वाचकहो, तुमच्यापैकी कुणी ओकायामाकडे असेल, कुणाचा भाचा-पुतण्या तिकडे असेल, तर हिराता आजींच्या दारावरून एक चक्कर मारा ना! बोलायचं मात्र काही नाही हं. तुम्ही जपानी कुणाकडून शिकलात, मला काय माहीत! नुसतं आजी आहेत का बघा, आणि लगेच कळवा.