आर.सी.सी. रमाकांत

वस्तू तरंगेल की बुडेल, हे ती कशाची केली आहे यावर ठरत नाही. आपल्या वजनाइतके पाणी तिला बाजूला सारता येते की नाही, यावर ठरते. हा निसर्गनियम असून त्यात राज्यानुसार फरक नाही. उत्तर प्रदेशातही तो लागू आहे (अधिसूचना प्रलंबित).

तेव्हा काँक्रीटची बोट म्हटल्यावर जे हसतात, त्यांचे हसणे अशास्त्रीय आहे. फ्रान्समधल्या एका गृहस्थाने १८४८ साली लोखंडी जाळीवर सिमेंट थापून होडी केली होती आणि ती तरंगली. पुढे दोन्ही महायुद्धांत पोलाद कमी पडू लागले, तेव्हा काँक्रीटची मोठाली जहाजे समुद्रात सोडण्यात आली. अशी बोट कुजत नाही, तिला वाळवी लागत नाही आणि ती कोणी उचलून नेत नाही. आमच्या विकास नगरच्या घरासमोरून आजवर तीन सायकली आणि एक तुळशीवृंदावन गेले आहे, त्यामुळे शेवटच्या गुणाचे महत्त्व आम्ही जाणतो.

लखनौपासून सर्वांत जवळचा समुद्र जवळजवळ नऊशे किलोमीटरवर आहे. असे असूनही शहरात एका आर.सी.सी. बोटीची रीतसर नोंद आहे. ती बोट म्हणजे माझे वडील.

माझे वडील रमाकांत खांबेटे मूळचे चिपळूणचे. रेल्वेत पुलांचे इंजिनिअर म्हणून त्यांनी छत्तीस वर्षे नोकरी केली, त्यातली बरीचशी लखनौला, आणि निवृत्त झाल्यावर इथेच घर बांधले. ते हिंदी उत्तम बोलत. भाजीवाल्याशी तर त्यांचे उर्दूत मतभेद होत. पण हातात पेन आले की त्यांची भाषा चिपळूणला परत जाई. इतकी वर्षे उत्तरेत राहिलेल्या मराठी माणसांत हा दोष सर्रास आढळतो आणि त्यावर उपाय नाही.

सहा वर्षांपूर्वी बाबांनी अंगणात पावसाच्या पाण्याची टाकी बांधायचे ठरवले. परवानगी देणारे कार्यालय म्हणजे जल-थल समन्वय कक्ष. छापील अर्ज संपले होते (ते छापले गेले होते की नाही, याबद्दल कक्षातच दोन मते होती). म्हणून बाबांनी कोऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिले :

नाव : रमाकांत
प्रकार : आर.सी.सी.
लांबी : १८ फूट
रुंदी : ६ फूट
खोली : ४ फूट
उपयोग : पाणी

मराठीत ‘नाव’ नपुंसकलिंगी असले तर माणसाचे असते आणि स्त्रीलिंगी असले तर पाण्यात असते. हिंदीत ही सोय नाही. हिंदीत माणसाला ‘नाम’ असते आणि ‘नाव’ फक्त नदीत असते. त्यामुळे कक्षातल्या बाबूंनी अर्ज वाचला तो असा : रमाकांत ही अठरा फुटी सिमेंटची होडी असून ती पाण्यासाठी वापरली जाईल. अर्जात एकही विसंगती सापडली नाही. इतका निर्दोष अर्ज कक्षात बऱ्याच दिवसांत आला नव्हता, म्हणून तो नऊ दिवसांत मंजूर झाला.

मंजुरीत दोन अटी होत्या. बोट अठरा महिन्यांत पूर्ण करावी, अन्यथा घराचा नकाशाही रद्द समजण्यात येईल. आणि ज्या भूखंडावर बोट मंजूर आहे, त्यावरचे घर हे नौकागृह असल्याने ते बोटीच्याच खात्यावर नोंदवण्यात येत आहे.

बाबा दुरुस्तीसाठी गेले. समोर श्री. निगम होते (हे त्यांचे आडनाव आहे, कार्यालय नव्हे). अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि अर्ज पुढे ठेवला.

“देखिए खांबेटे साहब, साफ़ लिखा है. नाव, रमाकांत. आर.सी.सी. अठारह फ़ुट. अब आप फ़रमाते हैं कि ये आप हैं. आप अठारह फ़ुट के हैं?”

“नहीं,” बाबा म्हणाले. ते खोटे बोलत नसत.

“आर.सी.सी. के हैं?”

“वो भी नहीं.”

“तो फिर?”

छत्तीस वर्षे सरकारी नोकरी केल्यामुळे भक्कम युक्तिवाद बाबा लांबूनही ओळखत. बोट अस्तित्वात नाही असे शपथपत्र देता येईल, असे निगमसाहेबांनी सुचवले. मात्र त्यासाठी आधी बोटीची प्रत्यक्ष पाहणी आवश्यक होती. बाबांनी दोन्ही मार्गांचा विचार केला आणि बोट बांधणे सोपे, असा निष्कर्ष काढला.

काम चौकातल्या अच्छन मियाँ नावाच्या गवंड्याला दिले.

“नाव तो कभी नहीं बनाई, साहब,” अच्छन मियाँ म्हणाले.

“टंकी समझकर बनाओ.”

“तो टंकी ही बना लीजिए!”

“टंकी की इजाज़त नहीं है.”

मग सळ्यांचा सांगाडा झाला. त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचे सहा थर बांधले, आणि आतून-बाहेरून मिळून जेमतेम सव्वा इंच सिमेंट चढले. बाबा फूटपट्टी घेऊन जाडी मोजत आणि अच्छन मियाँ आकाशाकडे बघत. पुलांच्या माणसाला जाडी वाढवण्याचा मोह होतो, तो बाबांनी आवरला. टोके किंचित निमुळती केलेली टाकी असा तिचा आकार झाला. मग सिमेंट मुरावे म्हणून तिच्यात काठोकाठ पाणी भरून अठ्ठावीस दिवस ठेवले.

“लोक बोट पाण्यात ठेवतात,” आई, म्हणजे पद्मा खांबेटे, मला फोनवर म्हणाली, “ह्यांनी पाणी बोटीत ठेवलंय.”

ते पाणी पुन्हा काढलेच नाही. पुढची चार वर्षे पावसाचे पाणी बोटीत साठत राहिले आणि उन्हाळ्यात झाडांना मिळत राहिले. अशा रीतीने बाबांना टाकी मिळाली. वर्षातून एकदा निगमसाहेब पाहणीला येत आणि फाटकातूनच विचारत, “कहिए, रमाकांत कैसी हैं?” बाबा म्हणत, “अच्छी हैं.”

यंदाच्या चैत्रात बाबा गेले. सकाळी झाडांना पाणी घातले, आत येऊन चहा घेतला, आणि गेले. (ते कोणाचा वेळ घेत नसत.)

मी पुण्याहून आले. मला वीस दिवसांची रजा होती. त्यातले तेरा दिवस विधींचे आणि दोन-तीन कागदपत्रांचे, असा माझा अंदाज होता. अंदाज करण्याचे काम आमच्या घरात बाबांकडे असे.

घर आईच्या नावावर व्हायला हवे होते. चौदाव्या दिवशी आम्ही दोघी कक्षात गेलो. आईचे हिंदी बाजारापुरते आहे. ती नम्रपणे म्हणाली, “भैयाजी, वो घर हमारे नाव पे कर दीजिए.”

निगमसाहेब गंभीर झाले. “घर को नाव पर? माताजी, नाव सह नहीं पाएगी.” त्यांनी तसा शेराही मारला : अर्जदार घर बोटीवर ठेवू इच्छितात, भार अधिक असल्याने नामंजूर.

मी मृत्यूचा दाखला पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला, चष्मा काढून पुसला.

“बड़े नफ़ीस आदमी थे,” ते म्हणाले. “मगर बिटिया, ये तो किसी साहब का है. घर जिनके खाते में है, वो रमाकांत नाव हैं. और नाव मरती नहीं. डूबती है.”

नियम अकरा असा आहे : अधिकाऱ्यासमक्ष बोट बुडाल्यास तिची नोंद रद्द करून तिच्या खात्यावरील नौकागृह वारसाकडे द्यावे.

“और अगर न डूबे तो?” मी विचारले.

“तो ख़ुदा के फ़ज़ल से, रमाकांत अभी हैं.”

रजेच्या अठराव्या दिवशी आतले पाणी उपसून हायड्रा क्रेनने बोट उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ठेवली आणि गोमतीवर नेली. वाटेत एका गृहस्थाने स्कूटर थांबवून विचारले, “क्या ले जा रही हैं, बहनजी?” मी म्हणाले, “पिताजी.” त्यांनी हात जोडले. इकडची माणसे अजून रीत सांभाळून आहेत.

घाटावर अच्छन मियाँ इस्त्रीचा चिकनचा कुर्ता घालून आधीच हजर होते.

“आज इज़्ज़त का सवाल है, बिटिया.”

“अच्छन मियाँ, आज इसे डूबना है. तभी काग़ज़ बनेगा.”

ते दुखावल्या स्वरात म्हणाले, “डुबोना था तो किसी और से बनवाते.”

क्रेनने बोट पाण्यात सोडली. ती थोडी खाली गेली, एकदा डोलली, आणि थांबली. बाबांनी बाहेरच्या अंगाला, तळापासून नऊ इंचांवर, लाल रंगाची एक बारीक रेष ओढून ठेवली होती. ती कशासाठी, हे आम्ही कधी विचारले नव्हते. पाणी त्या रेषेला टेकले होते. मग निगमसाहेबांनी टेप मागितली.

अच्छन मियाँनी ओळखपाळख नसलेल्या तीन माणसांना मिठ्या मारल्या.

निगमसाहेबांनी मोजणी केली. बोटीची एकूण उंची अठ्ठेचाळीस इंच, पाण्याखाली नऊ. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला, तो ट्रॅक्टरवाल्याकडून तपासून घेतला, आणि समाधानाने वर पाहिले.

“बिटिया, ख़ाली हाथ नहीं लौटाऊँगा. पौने उन्नीस फ़ीसदी डूबी है. उतना तो अभी हो जाएगा.”

म्हणजे रमाकांत १८.७५ टक्के दिवंगत. आमचे घर बाराशे चौरस फुटांचे आहे. त्याचे १८.७५ टक्के म्हणजे सव्वादोनशे चौरस फूट. नकाशावर मोजले तेव्हा ते स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेले कोठार यांच्याशी तंतोतंत जुळले. बाबा असते तर त्यांना ही अचूकता आवडली असती.

उरलेल्या एकोणचाळीस इंचांचे काय, यावर घाटावर खुली चर्चा झाली. कोणीतरी माणसे बसवायला सुचवले. साधारण पासष्ट किलोच्या माणसामागे बोट पाव इंच खाली जाते, या हिशेबाने एकशे छप्पन माणसे लागणार होती. लखनौमधली आमच्या ओळखीची सगळी मराठी कुटुंबे जमवली असती तरी शंभराच्या पुढे गेलो नसतो, आणि त्यांतले निम्मे शाकाहारी असल्याने वजनाची खात्री नव्हती.

“इतनी ज़हमत किसलिए?” निगमसाहेब म्हणाले. “नीचे वो ढक्कन है ना. खोल दीजिए. पाँच मिनट का काम है.”

ते खरे होते. टाकी अधूनमधून धुवावी लागते, म्हणून बाबांनी तळाला दोन इंची भोक ठेवून त्याला पितळी झाकण बसवले होते. मी पाना घेऊन बोटीत उतरले (बोट पाव इंच खाली गेली). झाकणावर सिमेंटचे शिंतोडे होते. बाजूला ओल्या सिमेंटमध्ये खिळ्याने बारीक अक्षरात कोरले होते : ‘हळू फिरवणे.’

मी पाना लावला. हळू फिरवण्यासाठीसुद्धा आधी फिरवावा लागतो. तो माझ्याने फिरेना. झाकण घट्ट बसले होते असे मी मोठ्याने सांगितले. अच्छन मियाँ म्हणाले, “हमारे हाथ का काम है,” आणि तोंड फिरवून उभे राहिले. काठावर शे-दीडशे माणसे वाट बघत होती. माझी परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती.

“पोरी,” आईने पायरीवरून हाक मारली. “पाना ठेव खाली.”

“अगं पण घर—”

“स्वयंपाकघर मिळालंय ना मला? उरलेल्या घरात ते असू देत. तसंही त्यांना स्वयंपाकघरात काही सापडायचं नाही.”

मी बाहेर आले. बोट पाव इंच वर आली. निगमसाहेबांनी तीही नोंद केली.

बोट परत अंगणात आहे. प्रमाणपत्र आईने फ्रिजवर लावले आहे. उरलेल्या ८१.२५ टक्के बाबांना सगळे टपाल व्यवस्थित येते. निगमसाहेब पाहणीला येतात तेव्हा आई त्यांना स्वयंपाकघरातच बसवते, कारण इतरत्र बसवायचा तिला अधिकार नाही.

या प्रकरणाचा लाभ समाजालाही झाला. कक्षाने गेल्या तीस वर्षांचे अर्ज तपासले, तेव्हा ‘नाव’ या शब्दाने सुरू होणारे आणखी एकेचाळीस निघाले. रेल्वेचे अभियंते आहेत, संशोधन संस्थांतले शास्त्रज्ञ आहेत, वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका आहेत (लांबी पाच फूट दोन इंच). या सर्व बोटींची घरे नौकागृहे म्हणून नोंदवली गेली असून पावसाळा संपताच त्यांना गोमतीत उतरवून पाहण्यात येणार आहे.

आपण कधी लखनौला असताना कोऱ्या कागदावर अर्ज केला असेल, तर आपणही यादीत आहात असे समजावे. यायचे ते फार जेवून येऊ नये. सोबत एक वारस आणणे सक्तीचे आहे, आणि तो पाना फिरवू शकणारा असावा. आमच्यासारखे चालत नाहीत. असा वारस कुठून आणायचा, याची चिंता करू नये. कक्षाने एकेचाळीसही कुटुंबांना ‘पाना फिरवाल का?’ अशी पत्रे पाठवली होती. चाळीस घरांतून होकार आला आहे, आणि एका घरातून चौकशी आली आहे की पावसाळा संपेपर्यंत थांबायलाच हवे का.